प्रीमियर पद्मिनीची डोअर पॅनेल नव्याने बनवणे: प्लाय, फोम, रेक्झिन, गोंद

दहाचापाना (धागाकर्ता)

पद्मिनीचं इंजिन, ब्रेक, कार्बुरेटर यांवर इथे ढिगाने धागे आहेत. दारांच्या आतल्या पॅनेलवर मात्र सविस्तर काहीच सापडत नाही. गाडीचं उत्पादन थांबून दोन दशकं उलटली, ३० ऑक्टोबर २०२३ ला मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सीही रस्त्यावरून उतरली. कुर्ल्याला सीएसटी रोडवर किंवा पुण्यात नाना पेठेत जुनं पॅनेल हाती लागलंच, तरी खालची कड फुगलेली नाही ना हे आधी बघा. बहुतेक वेळा फुगलेली असते. म्हणून नवीन बनवण्याची पद्धत इथे लिहून ठेवतो, जाणकारांनी भर घालावी. हीच पद्धत अँबेसेडर, काँटेसा, जुनी मारुती ८०० यांनाही थोड्या फरकाने लागू पडते.

पहिली गोष्ट, पॅनेल पुढून खराब होत नाही, मागून होतं. रेक्झिन फाटलं म्हणून लोक वरून नवीन रेक्झिन चढवतात. आतला हार्डबोर्ड पाणी पिऊन पापुद्रे सोडत असतो, त्याच्याकडे कुणी बघत नाही. दोन पावसाळ्यांत क्लिपा बोर्डातून सुटतात आणि पॅनेल दारापासून लोंबायला लागतं.

काढणं. काचेच्या हँडलमागची गोल चकती आत दाबून बघा. आडवी पिन दिसली तर बारीक पंचने ठोकून काढायची. नालेच्या आकाराची तारेची क्लिप दिसली तर चकती आणि हँडलच्या मध्ये सुती फडक्याची पट्टी घालून करवतीसारखी मागेपुढे ओढायची. क्लिप उडते, म्हणून दुसरा हात वर धरा. मग आर्मरेस्टचे स्क्रू, दार उघडायच्या हँडलची चौकट, आणि शेवटी क्लिपा. स्क्रूड्रायव्हर पॅनेलच्या मध्यावर घालून उचकायचं नाही. दोन दात्यांचं ट्रिम टूल बरोबर क्लिपच्या मानेखाली गेलं पाहिजे, नाहीतर बोर्डाचा तुकडाच क्लिपबरोबर दारात राहतो.

फर्मा, म्हणजे बोर्ड कापायचा नमुना. जुना बोर्ड शाबूत असेल तर तोच फर्मा. फुगलेला असेल तर त्याच्या कडेवर विश्वास ठेवू नका, कारण फुगलेली कड दोन-तीन मिलिमीटर पसरते. जाड कार्डशीट थेट दारावर टेपने लावून बाहेरची रेघ घ्यायची. क्लिपांच्या जागा उतरवायला सगळ्या क्लिपा दाराच्या भोकांत बसवा, डोक्यावर ऑइलपेंटचा ठिपका द्या आणि कार्डशीट दाबा. डाव्याचा फर्मा उलटा करून उजव्याला वापरायचा मोह आवरा. इतक्या वर्षांत एखाद्या दाराला डेंटिंग झालेलं असतंच, मग भोकं जुळत नाहीत. चारही फर्मे वेगळे काढा, आणि प्रत्येकावर "आतली बाजू, पुढे" असं मार्करने लिहा.

बोर्ड. आयएस ७१० (जलरोधक प्लायचं भारतीय मानक) चा ४ मिमी मरीन प्लाय. कापताना कड सगळीकडून २ मिमी आत घ्यायची, कारण रेक्झिन वळल्यावर तेवढी जाडी परत येते. क्लिप ३ मिमी हार्डबोर्डासाठी बनलेली असते, म्हणून प्रत्येक खाचेभोवती मागच्या बाजूने १ मिमी उतरवा, छोटा ग्राइंडर किंवा राउटर चालतो. खाच म्हणजे एका टोकाला क्लिपचं डोकं जाईल एवढं भोक आणि त्याला लागून मान सरकेल एवढी चीर. चीर क्लिपच्या मानेपेक्षा अर्धा मिमी लांब ठेवली की बसवताना क्लिपला हलायला जागा मिळते.

कापून झाल्यावर दोन्ही बाजू आणि मुख्य म्हणजे कडा आणि भोकांच्या आतल्या बाजू यांवर मेलामाइन किंवा पीयू (पॉलियुरेथेन) वुड सीलरचे दोन हात. बहुतेकजण सपाट भागावर मारतात आणि कडा सोडून देतात. पाणी शिरतं ते कडेतूनच.

---

टाकाटिप

उत्तम सुरुवात. कपड्याचं मी लिहिते.

बाजारात ज्याला सरसकट रेक्झिन म्हणतात त्यात दोन जाती आहेत: पीव्हीसी आणि पीयू. दुकानदार पीयू "लेदरसारखं" म्हणून पुढे करतो. हाताला ते खरंच छान लागतं. पण स्वस्त पीयू दमट हवेत तुटतं, चार-पाच वर्षांत पापुद्रे निघायला लागतात. कोकणपट्टीत आणि मुंबईत दारासाठी पीव्हीसीच घ्या, ०.९ ते १.१ मिमी, मागे विणलेलं होजिअरीचं कापड असलेलं. कपड्याचा तुकडा आडवा आणि उभा ताणून बघा. मागे साधं ताग्याचं कापड असेल तर ते ताणत नाही आणि गोलाईवर सुरकुत्या सोडतं.

पन्हा ५४ इंच असतो. पद्मिनीच्या दाराला वळणावळासकट (मागे वळवायची जादा कड धरून) साधारण ३६ × २६ इंचांचा तुकडा धरला तर पन्ह्यात दोन बसतात, म्हणजे चार दारांना सुमारे १.८५ मीटर. आर्मरेस्ट, पाइपिंग आणि एखादा चुकलेला तुकडा धरून ३ मीटर घ्या. खिसे करायचे असतील तर साडेतीन. एकाच रोलमधून घ्या, दुसऱ्या रोलची छटा उन्हात लगेच वेगळी दिसते. आणि कापताना चारही तुकड्यांचा दाणा एकाच दिशेने. जागा वाचवायला एक तुकडा आडवा फिरवला तर दार बसवल्यावर तेच पॅनेल चमकेल.

त्या काळच्या बऱ्याच गाड्यांत पॅनेलवरच्या उभ्या रेघा शिवलेल्या नसत. रेक्झिन गरम साच्यात दाबून त्या उठवलेल्या असत. ते घरी होत नाही, म्हणून आपण प्लीट, म्हणजे फोमसकट शिवलेल्या उभ्या फुगीर पट्ट्या, शिवतो:

रेक्झिनखाली ६ मिमी पीयू फोम, ४० घनतेचा, आणि त्याच्याखाली पातळ मांजरपाट. मांजरपाट नसेल तर खालचा टाका फोममध्ये घुसतो आणि महिनाभरात रेघ बुजते. २५ मिमीची प्लीट हवी असेल तर खडूने २८ मिमीवर रेघा आखा, कारण प्रत्येक टाका सुमारे ३ मिमी खातो. दहा प्लीट म्हणजे तीन सेंटीमीटर. हा हिशेब चुकला तर प्लीटचा पट्टा शेवटी तोकडा पडतो. म्हणून आधी शिवायचं, मग फर्मा ठेवून कापायचं. उलट कधीच नाही.

दोरा बाँडेड पॉलिस्टर, सुती नाही. सुई १८ नंबर. टाका ४ ते ५ मिमी. बारीक टाका मजबूत असतो ही कपड्यांची सवय इथे सोडा, रेक्झिनवर बारीक टाका म्हणजे टपालाच्या तिकिटाची कड, ओढलं की तिथूनच फाटतं. मशीन वॉकिंग फूटचं (वरचा पायही कापड पुढे सरकवतो ते) असेल तर सोनं. साध्या मशीनवर रेक्झिन पायाला चिकटून अडतं, त्याला टेफ्लॉनचा पाय लावा किंवा वर ट्रेसिंग पेपर ठेवून शिवा आणि नंतर फाडून काढा.

---

नवशिका_फियाट

ताई, प्लीट नको असतील, साधं सपाट पॅनेल असेल तरी फोम लागेल का? आणि पांढरा फेव्हिकॉल चालेल ना? घरात आहे.

---

टाकाटिप

सपाटाला ३ मिमी फोम घ्या. अजिबात फोम नसेल तर प्लायचा प्रत्येक खळगा आणि धुळीचा कण वर दिसतो. पण ६ मिमीच्या पुढे जाऊ नका. काचेच्या हँडलची चकती पॅनेलवर घासायला लागते आणि रेक्झिनवर काळं वर्तुळ पडतं. हँडलच्या भोकाभोवती ३० मिमीपर्यंत फोम काढूनच टाका.

पांढऱ्याचं उत्तर खालच्यांना देऊ दे.

---

चिकटपणा

पांढरा नाही. तो पाण्याचा आहे, रेक्झिनच्या पीव्हीसीला धरत नाही आणि दमटपणात परत मऊ पडतो. लाकडाला लाकूड एवढंच त्याचं काम.

इथे रबराचा गोंद लागतो, म्हणजे सुतार सनमायकाला लावतात त्या जातीचा, एसआर ९९८ किंवा तत्सम. पद्धत अशी की दोन्ही पृष्ठभागांवर पातळ हात, १० ते १५ मिनिटं थांबायचं, बोटाच्या मागच्या बाजूने स्पर्श केल्यावर चिकटला नाही पाहिजे, मग जोडायचं. ओला असताना जोडला तर आतला द्राव बाहेर जायला वाट नसते. मे महिन्यात गाडी उन्हात उभी राहिली की तोच वाफ होऊन फुगे काढतो. "दुकानात छान होतं, आठ दिवसांत फुगलं" अशा तक्रारींतल्या निम्म्या तरी इथून येतात.

प्रमाण: चार पॅनेलचं क्षेत्रफळ साधारण २.४ चौरस मीटर. बोर्ड, फोमच्या दोन्ही बाजू आणि रेक्झिनची पाठ असे चार हात, म्हणजे साडेनऊ चौरस मीटर. दर चौरस मीटरला १५० ते २०० ग्रॅम धरले तर साधारण १.४ ते १.९ किलो जातो. २ लिटरचा डबा आणा. ब्रशने फोमवर जाड थर दिला तर फोम गोंद पितो आणि वाळल्यावर टणक गाठी वर दिसतात. टोल्युइनने थोडा पातळ करून २ मिमी नोझलच्या गनने मारलेला बरा. ब्रशच असेल तर गोंद फोमला कमी आणि बोर्डाला जास्त.

पावसाळ्यात एक वेगळाच घोळ होतो. द्राव उडताना पृष्ठभाग थंड पडतो आणि हवेतली वाफ त्यावर बसते. गोंदावर पांढुरकी धुक्यासारखी झिलई दिसली की थांबा. तशीच चिकटवली तर पकड नाही. हीट गन लांबून फिरवून झिलई घालवा, वाटल्यास पुन्हा एक पातळ हात द्या. मुसळधार पावसाच्या दिवशी हे काम काढूच नये.

आता खरी अडचण. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात प्लास्टिसायझर नावाचं तेलकट द्रव्य असतं. ते हळूहळू बाहेर झिरपतं आणि रबराच्या साध्या गोंदाला मऊ चिखल करून टाकतं. सपाट भागावर फोम मध्ये असल्यामुळे फार बिघडत नाही. पण मागे वळवलेल्या कडेवर रेक्झिन सतत ओढ घेत असतं, तिथे ते सुटतं. कडांना पीयू किंवा नायट्राइल गोंद वापरा. चपलांच्या सामानाच्या दुकानात पीयू गोंद मिळतो.

टोल्युइनच्या वाफा डोक्यात जातात आणि पेटही घेतात. दारं-खिडक्या उघड्या, जवळ गॅस-विडी काही नाही, आणि तोंडाला सेंद्रिय वाफांचं कार्ट्रिज असलेला मास्क. कापडी मास्क इथे निव्वळ शोभेचा.

---

एबीएसवाला

प्लायचा एवढा सोस का हे कळत नाही. ३ मिमी एबीएस (कडक प्लास्टिक) शीट घ्या, पाणी लागतच नाही, सीलर नको, क्लिपला जाडीही बरोबर मिळते. कटरने चार-पाच वेळा रेघ मारली की मोडून निघते.

---

दहाचापाना

एबीएस चांगलंच आहे, दोन अटींवर. एक, त्यात स्टेपल बसत नाही, त्यामुळे सगळा भार गोंदावर. दोन, टोल्युइनचा गोंद ओला राहिला तर एबीएसचा वरचा थर विरघळवतो आणि शीट वाकते. पातळ हात आणि पूर्ण वाळवणं तिथे प्लायपेक्षा जास्त सांभाळावं लागतं. नवीन माणसाला प्लाय जास्त माफ करतो. पीव्हीसी फोमबोर्ड मात्र कुणी वापरू नका, म्हणजे ते जाहिरातीच्या पाट्यांचं पांढरं शीट. उन्हात मऊ पडतं आणि क्लिपांच्या मध्ये पोट काढतं.

---

टाकाटिप

चढवण्याचा क्रम राहिला, तो लिहून टाकते.

फोम बोर्डावर चिकटवून कडेला फिरत्या ब्लेडने बोर्डाबरोबर कापा आणि कड किंचित तिरकी करा. रेक्झिन उलटं पसरा, त्यावर बोर्ड ठेवून मध्यरेघ जुळवा. गोंद आधी फक्त मधल्या २० सेंटीमीटर पट्ट्याला. तिथून बाहेर तळहाताने सरकवत जायचं. पूर्ण पॅनेलवर एकदम टेकवलं तर मधली हवा निघत नाही.

वळणावळ २५ मिमी. आधी वरची लांब कड, मग खालची, मग बाजू, कोपरे सगळ्यात शेवटी. बाहेरच्या कोपऱ्याला इंग्रजी व्हीसारखे तीन-चार काप, आतल्या कोपऱ्याला सरळ चीर, पण बोर्डाच्या कडेपासून ३ मिमी अलीकडे थांबायचं. शेवटपर्यंत चिरलं तर ओढल्यावर चीर पुढच्या बाजूला येते आणि अख्खा तुकडा वाया. हीट गन गोलाईपुरतीच, हात भाजणार नाही इतपत. जास्त तापवलं तर दाणा पुसला जाऊन तिथे चकाकी येते, ती परत जात नाही.

स्टेपल ४ मिमी पायाची. ६ मिमीची पुढे डोकं काढते. ४ मिमी प्लाय असो की ३ मिमी, नेम सारखाच.

हँडलची भोकं शेवटी. मागून सुईने मध्य टोचा, पुढून छोटी फुली कापा, पाकळ्या मागे चिकटवा. पंचने गोल भोक पाडलं तर रेक्झिन पुढे आखडून चकतीबाहेर दिसायला लागतं.

---

कोकणी_ओल

एवढी मेहनत करून मागे प्लास्टिक लावलं नाही तर सगळं पाण्यात, शब्दशः.

दारात पाणी येणं हा बिघाड नाही. काचेच्या बाहेरच्या रबराजवळून ते आत उतरतंच, पद्मिनीत पुढच्या तिकोनी काचेच्या कोपऱ्यातून जरा जास्तच. दाराची रचना अशी की ते आतून खाली जावं आणि तळाच्या भोकांतून बाहेर पडावं. ती भोकं रंग, चिखल, जुन्या अंडरकोटिंगने बुजलेली असतात. आधी तारेने मोकळी करा. मग अर्धा लिटर पाणी काचेच्या फटीतून ओतून खाली किती वेळात येतं ते बघा. साचत असेल तर पॅनेल लावू नका, दाराचा तळ गंजतोय.

मग १५० मायक्रॉनचं प्लास्टिक, कडेने ब्यूटाइलची (चिकट रबराची) पट्टी. सिलिकॉन नको, पुढच्या वेळी काढताना रंग घेऊन येतं. महत्त्वाचं म्हणजे प्लास्टिकची खालची कड दाराच्या आत चिरेत खोचायची, म्हणजे पाणी परत दारात पडतं. बाहेर लोंबती ठेवली तर तेच प्लास्टिक पाणी गोळा करून थेट तुमच्या मरीन प्लायच्या कडेवर सोडतं. नव्या गाड्यांच्या दुकानांत स्पीकर बसवताना हे प्लास्टिक ब्लेडने फाडून फेकतात, आणि मग पायाखालची मॅट ओली का म्हणून लोक एसीची नळी शोधत बसतात.

---

वूफरभाऊ

स्पीकरचं कुणी काढलंच नाही म्हणून.

साडेसहा इंची स्पीकरला साधारण १४० ते १४५ मिमी भोक आणि ६० ते ६५ मिमी खोली लागते. मोजायच्या आधी काच पूर्ण खाली घ्या. वर असताना मोजलेली खोली खोटी असते, लोहचुंबक काचेला धडकतो. पद्मिनीच्या दारात एवढी खोली मिळणं कठीण, म्हणून फायबरचा उंचवटा करावा लागतो.

१२ मिमी एमडीएफची कडी, ठोकळ्यांवर हवी त्या कोनात बोर्डाला पक्की. त्यावर ताणणारं कापड, जुना बनियनसुद्धा चालतो, मागे स्टेपल. मग पॉलिस्टर रेझिनचा एक हात कापडाला, वाळला की मागून ४५० ग्रॅमच्या चॉप्ड मॅटचे (काचतंतूंच्या चटईचे) दोन थर. मॅटच्या वजनाच्या सुमारे अडीचपट रेझिन. हार्डनर उन्हाळ्यात १ टक्का, थंडीत २. दोन टक्के मे महिन्यात घातलं तर डबा हातातच धुमसतो. आणि कोबाल्ट (रेझिन घट्ट होण्याचा वेग वाढवणारं द्रव्य) व हार्डनर हे दोन्ही एकमेकांत थेट कधीही मिसळू नका, भडका उडतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये नीट ढवळून, मग हार्डनर. दुकानात रेझिनमध्ये कोबाल्ट घातलेलं आहे का ते विचारून घ्या.

पुट्टी, मग ८०, १२०, २२० नंबरचा कागद. रेक्झिन लगेच चढवायचं नाही. स्टायरीनचा (रेझिनमधल्या द्रवाचा) वास आहे तोवर फायबर वाफ सोडतंय, वर रेक्झिन असेल तर फुगा ठरलेला. चार-पाच दिवस उन्हात राहू द्या.

---

एअरबॅगसावध

पद्मिनीपुरतं ठीक. पण हा धागा वाचून कुणी आजच्या गाडीचं दार उघडणार असेल तर थांबा. बऱ्याच नव्या गाड्यांत बाजूच्या धडकेचा दाबसेन्सर दाराच्या पोकळीत असतो. दारावर धडक बसली की पोकळीतली हवा एकदम दाबली जाते आणि तो दाब सेन्सर ओळखतो. पत्र्याला नवीन मोठं भोक पाडलं, किंवा मागचं आवरण फाडलं, तर त्याचं गणित बिघडतं. पॅनेलमागे फोमचे ठोकळे दिसले तर तेही काढू नयेत, धडकेत कमरेला आधार म्हणून ते घातलेले असतात. तिथे फक्त मधला कापडी भाग बदला, सांगाड्याला हात नको.

---

नवशिका_फियाट

सगळ्यांचे आभार. आर्मरेस्टचा स्क्रू थेट प्लायमध्ये लावला तर? चार मिमी आहे म्हणजे धरेल असं वाटतं.

---

दहाचापाना

नाही धरणार. माणूस दार ओढतो ते आर्मरेस्टला धरूनच, रोज, झटक्याने. तो भार पत्र्यावर गेला पाहिजे. पत्र्यातल्या मूळ भोकांत नवीन प्लास्टिकचे नट बसवा आणि स्क्रू पॅनेलमधून आरपार. मध्ये फोम असल्यामुळे स्क्रू घट्ट केला की पॅनेल आत खचतं, म्हणून प्रत्येक स्क्रूवर फोमच्या जाडीएवढं वॉशर किंवा नळीचा तुकडा घाला.

बसवताना क्लिपा खालच्या ओळीपासून वर दाबत या, मुठीच्या खालच्या बाजूने, बरोबर क्लिपवर. एखादी दबत नसेल तर जोर लावू नका, ती चिरेत सरकलेली नाही. पॅनेल आणि पत्रा यांच्यामध्ये कडेने पातळ फेल्टची टेप लावली की खडखड राहत नाही.

काचेचं हँडल शेवटी, काच पूर्ण वर असताना. दोन्ही बाजूंना सारख्याच कोनात, दांडा पुढे-वर झुकलेला, म्हणजे ड्रायव्हरच्या गुडघ्याला लागत नाही. नालेची क्लिप हँडलमध्ये आधी बसवून मग दांड्यावर दाबायची, टक् आवाज आला पाहिजे. पिनवालं असेल तर चकती आत दाबून धरायला दुसरा माणूस लागतो.